अर्ध्या तासातले सार आणि साधा मासा

संध्याकाळी सात वाजता दमून घरी आलेल्या माणसाला ओट्यापाशी अर्ध्या तासापेक्षा जास्त उभे राहावेसे वाटत नाही, आणि कोकणातल्या रोजच्या जेवणाची घडणच अशी आहे की तसे उभे राहावेही लागू नये. एक पातळ, आंबटसर सार, माशाचा एक साधा पदार्थ आणि भात एवढेच ते जेवण. सण किंवा पाहुणे असले की त्यात नारळाचे वाटण येते, तळण येते, सोलकढी येते. एरवी त्यातले काहीच लागत नाही. पौष्टिक सूप म्हटले की आपण बाजारातल्या पाकिटांकडे किंवा परदेशी पाककृतींकडे वळतो, पण सार, कळण, कढण, पिठी आणि पेज ही आपल्याकडची सुपेच आहेत, आणि ती दाट करायला कॉर्नफ्लोअर लागत नाही की चवदार करायला साय लागत नाही.

या लेखात मोजकेच पदार्थ दिले आहेत. त्या सगळ्यांना लागू पडणारा नियम एकच आहे: साराला वेळ द्यावा आणि माशाला देऊ नये. आधी साराचे भांडे चढवावे आणि अगदी शेवटी माशाचे. हा क्रम उलटला की सार कच्चट राहते, आणि मासा जेवणाची वाट पाहत गरम भांड्यात शिजत राहून चोथट होतो.

मासा निवडताना

साधा पदार्थ करायचा असेल तर मासा ताजा असावाच लागतो, कारण शिळेपण झाकायला त्यात मसाला नसतो. कल्ला उचलून पाहावा. तो लालभडक आणि ओलसर असला पाहिजे, तपकिरी किंवा राखाडी झालेला असेल तर पुढे जावे. डोळे फुगीर आणि स्वच्छ असावेत. बोटाने दाबल्यावर मांस लगेच वर आले पाहिजे, खळगा तसाच राहिला तर तो मासा जुना आहे. वासाची परीक्षा सर्वांत खात्रीची असते: ताज्या माशाला समुद्राचा, किंचित खारट वास येतो, आंबूस किंवा नाकात झोंबणारा येत नाही. ज्या मावशींकडून आपण नेहमी मासे घेतो त्यांना सरळ विचारावे. माझ्या ओळखीच्या मावशी नको असलेल्या दिवशी स्वतःच म्हणतात, “ताई, आज बांगडा नको, मांदेली घेऊन जा.” असा सल्ला मिळाला तर ठरवून गेलेला बेत बदलावा, आपला बेत त्या दिवशीच्या टोपलीपेक्षा मोठा नसतो.

रोजच्या जेवणासाठी माझा कौल बांगडा, तारली, पेडवे, मांदेली अशा लहान माशांना आहे. बांगडा आणि तारली यांत ओमेगा-३ स्निग्धाम्ले भरपूर असतात, शंभर ग्रॅम मांसातून सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि ते सुरमई-पापलेटच्या मानाने स्वस्तही असतात. त्यांचे आयुष्य थोडे असते आणि ते अन्नसाखळीत खालच्या पायरीवर असतात, त्यामुळे मोठ्या शिकारी माशांच्या शरीरात साठत जाणारा पारा त्यांच्यात कमी आढळतो. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी मुशी किंवा मोठी सुरमई वारंवार आणण्याऐवजी हे लहान मासे आणावेत. ज्यांना गाउटचा त्रास आहे त्यांनी मात्र बांगडा आणि तारली यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण या माशांत प्युरिन जास्त असते.

पापलेट आणायचे असेल तर ते पुरेसे वाढलेले आहे का ते पाहावे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला राज्यमासा घोषित केले, आणि त्याच वर्षी पकडायच्या माशांची किमान लांबी ठरवून देताना पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर ठेवली. बाजारात स्वस्तात मिळणारी तळहाताएवढीही नसलेली पापलेटे एकदाही अंडी न घालता जाळ्यात आलेली असतात. ती विकत न घेणे आपल्या हातात आहे आणि ते आपण केले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

बांगडा आणि तारली यांच्याबाबत एक काळजी अत्यावश्यक आहे. हे मासे उन्हात किंवा उबदार जागी पडून राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामाइन तयार होते. मग खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके ठणकणे असा त्रास होतो, आणि हे हिस्टामाइन कितीही उकळले तरी नष्ट होत नाही. म्हणून बाजारातून घरी यायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर पिशवीत बर्फ मागून घ्यावा, घरी आल्याबरोबर मासा धुऊन, निथळून फ्रिजच्या सर्वांत थंड भागात ठेवावा आणि त्याच दिवशी शिजवावा.

आंबटाचा विचार

सार असो की मासा, दोन्हींचा कणा आंबट चव हा आहे. माशाचा जो वास अनेकांना नकोसा होतो तो ट्रायमिथाइलअमाइन या द्रव्याचा असतो. ते अल्कधर्मी असल्यामुळे आम्लाच्या संगतीत ते उडून नाकापर्यंत येत नाही. कोकम, चिंच, लिंबू, कैरी, बिलिंबी यांपैकी काही ना काही माशाच्या प्रत्येक पारंपरिक पदार्थात असते, ते याचसाठी. आंबट नीट पडले की मिठाचा हातही आपोआप आवरता येतो, कारण पदार्थ अळणी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ खावे, आणि त्यात लोणचे, पापड, पाव या सगळ्यांतले मीठ धरलेले आहे. तेव्हा सारात मीठ सगळ्यांत शेवटी, चव घेऊन घालावे.

आमसूल म्हणजे कोकमाच्या फळाची साल. ती फळाच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतात. चांगले आमसूल काळपट जांभळे आणि बोटांना मऊ लागते. कडक, फिकट झालेले आणि मिठाने पांढरे पडलेले आमसूल घेऊ नये. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरत असाल तर त्यात भरपूर मीठ असते हे ध्यानात ठेवून वेगळे मीठ जवळजवळ घालूच नये. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवू नयेत. स्टीलचा टोप किंवा मातीची तवली उत्तम.

आमसुलाचे सार याहून सोपे होऊ शकत नाही. दहा आमसुले दोन वाट्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून हाताने कोळावीत, त्यात आणखी दोन वाट्या पाणी घालावे, सुपारीएवढा गूळ टाकावा आणि मंद आचेवर ठेवावे. एका छोट्या कढल्यात चमचाभर तुपाची जिरे, हिंग, कढीपत्ता आणि एक मोडलेली मिरची घालून फोडणी करावी आणि ती चरचरत असतानाच सारात ओतून वर झाकण ठेवावे, म्हणजे फोडणीचा वास आतच राहतो. एक उकळी आली की उतरवावे. जास्त उकळले तर आंबटपणा बोचरा होतो.

कुळथाचे कळण

मला सर्वांत जास्त जिव्हाळा वाटतो तो कुळथाविषयी, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहिते. हलक्या, मुरमाड जमिनीत आणि थोड्या पाण्यात येणारे हे कडधान्य कोकणात घरोघर असते, पण शहरातल्या अनेक स्वयंपाकघरांतून ते हद्दपार झाले आहे. शंभर ग्रॅम कोरड्या कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय लोह आणि तंतू असतात.

पहिले काम निवडण्याचे. कुळथाचा दाणा चपटा आणि तांबूस-तपकिरी असतो, आणि त्याच आकाराचे, त्याच रंगाचे खडे त्यात हमखास सापडतात. ताटात पसरून नुसते पाहिल्याने ते दिसत नाहीत. मूठभर दाणे ताटाच्या एका कडेला घ्यावेत आणि बोटाने थोडे थोडे दुसऱ्या कडेला ओढावेत. खडा असेल तर तो बोटाला जड लागतो आणि सरकताना ताटावर वेगळा वाजतो. त्यानंतर भरपूर पाण्यात रोळून घ्यावे, म्हणजे दाणे वरच्यावर निघतात आणि उरलेसुरले खडे तळाशी राहतात. पिशवीवर निवडलेले असे लिहिलेले असले तरी हे दोन्ही करावे, कारण कळणात खडा राहिला तर गाळणीत अडकतो, पण उसळीत राहिला तर दाताखाली येतो.

एक वाटी कुळीथ रात्रभर, निदान आठ तास भिजवावेत. सकाळी ते पाणी टाकून सहा वाट्या ताज्या पाण्यात कुकरला लावावेत आणि पाच-सहा शिट्ट्या झाल्यावर आच मंद करून दहा मिनिटे ठेवावे. दाणा बोटांत दाबल्यावर सहज चेपला पाहिजे. आता हे पाणी गाळून घ्यावे. तांबूस, किंचित दाटसर असे हे पाणी म्हणजेच कळण. एवढे काम सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी उरकते. कळण गार झाले की फ्रिजमध्ये ठेवावे आणि संध्याकाळी फक्त फोडणी द्यावी.

फोडणीसाठी दोन छोटे चमचे तेल पुरे. त्यात मोहरी तडतडली की सात-आठ लसूण पाकळ्या सालासकट ठेचून घालाव्यात आणि कडा तांबूस होईपर्यंत परताव्यात. लसूण पांढरी असतानाच कळण ओतले तर सारी चव कच्ची राहते, आणि काळी झाली तर कडवट होते. हिंग, हळद, दोन हिरव्या मिरच्या, मग कळण, चार आमसुले आणि अर्धा चमचा जिरेपूड. दहा मिनिटे मंद उकळू द्यावे. दाटपणा वाढवायचा असेल तर शिजलेल्या कुळथाचे दोन मोठे चमचे दाणे वाटून लावावेत. कोकमाऐवजी ताक हवे असेल तर कळण आचेवरून उतरवून, जरा निवल्यावर घुसळलेले ताक घालावे आणि पुन्हा उकळी येऊ देऊ नये, नाहीतर ते फाटते.

उरलेल्या दाण्यांची उसळ त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अवश्य करावी. कुळथातली बरीचशी प्रथिने दाण्यातच राहतात, पाण्यात थोडीच उतरतात. तेव्हा कळण पिऊन दाणे टाकून देणे म्हणजे धान्य वाया घालवणे होय. कळणाने मूतखडा विरघळतो असे घरोघर सांगितले जाते. भरपूर पातळ पदार्थ पोटात जाणे चांगलेच, पण ज्यांना खड्याचा त्रास आहे त्यांनी औषधाच्या जागी कळण धरू नये.

भिजवायला विसरला असाल तर पिठी आहे. भाजून दळलेल्या कुळथाचे पीठ कोकणी मालाच्या दुकानात मिळते. चार मोठे चमचे पीठ एक वाटी थंड पाण्यात हाताने मोडून गुळगुळीत कालवावे, आणि लसूण-मिरचीच्या फोडणीत तीन वाट्या पाणी उकळल्यावर ते एका हाताने बारीक धारेत ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. गरम पाण्यात कोरडे पीठ टाकले तर गुठळ्या होतात आणि त्या नंतर कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत. आमसूल आणि मीठ घालून आठ-दहा मिनिटांत पिठी तयार होते. आटत जाताना ती भराभर दाट होते, म्हणून वाटते त्यापेक्षा जरा पातळ असतानाच उतरवावी.

आणखी दोन-तीन सारे

मुगाचे कढण आजाऱ्याचे म्हणून ओळखले जाते, पण उशिरा जेवणाऱ्यालाही ते फार सोसते. अर्धी वाटी सालाची मूगडाळ चार वाट्या पाण्यात आल्याच्या तुकड्यासह मऊ शिजवून घोटावी, मिरपूड, सैंधव आणि अर्धा चमचा तूप घालावे. बाकी काही घालू नये.

टोमॅटोच्या सारासाठी अर्धा किलो लालबुंद, पिकलेले टोमॅटो उकडून, सोलून, वाटून गाळावेत आणि जिऱ्याच्या फोडणीत पाच मिनिटे उकळावेत. अर्धी वाटी नारळाचे दूध घालायचे असेल तर ते सर्वांत शेवटी, आच मंद करून घालावे, कारण आंबटात उकळले की ते फुटते. टोमॅटो फारच आंबट निघाले तर साखर वाढवण्यापेक्षा एक उकडलेले गाजर त्यातच वाटावे, त्याने गोडवाही येतो आणि दाटपणाही.

शेवग्याच्या शेंगांचे बोटभर तुकडे उकडून, चमच्याने गर खरवडून तो मूगडाळीच्या पाण्यात मिसळला तर फार सुरेख सार होते. गर काढायला वेळ लागतो, म्हणून हे सुटीच्या दिवशी करावे.

मासा लावून ठेवणे

मासा धुतल्यावर त्याला मीठ, हळद आणि थोडे आगळ किंवा लिंबू लावून ठेवतात. ही वेळ पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नसावी. एकदा सुट्टीच्या दिवशी सुरमईचे तुकडे लिंबाचा रस लावून मी सकाळीच फ्रिजमध्ये ठेवले, म्हणजे संध्याकाळी वेळ वाचेल. बाहेर काढले तेव्हा तुकड्यांच्या कडा उकडल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या, ताटलीत पाणी सुटले होते, आणि तव्यावर टाकल्यावर ते तुकडे कोरडे होऊन उलथन्याखाली मोडले. आम्लामुळे माशाचे मांस आचेवर जाण्याआधीच आवळते, मग आतला ओलावा टिकत नाही. आधी तयारी करायची असेल तर मासा नुसता धुऊन, फडक्याने टिपून ठेवावा आणि आंबट मात्र शिजवायच्या वेळीच लावावे.

माशाच्या मांसाचे तंतू आखूड असतात आणि त्यांना धरून ठेवणारे चिवट धागे मटणाच्या मानाने फारच थोडे असतात. म्हणूनच मटणाला तास लागतो आणि बोटभर जाडीच्या माशाच्या तुकड्याला सहा-सात मिनिटे पुरतात. मासा शिजला की त्याचे काचेसारखे दिसणारे मांस दुधी पांढरे होते आणि सुरीच्या टोकाने हलकेच ढकलल्यावर पाकळ्या सुटतात. ते दिसल्याबरोबर आच बंद करावी. भांड्यातल्या उष्णतेत तो आणखी थोडा शिजतोच.

बांगड्याचे तिखले

रोजच्या माशांत हा पदार्थ मी सर्वांत वर ठेवीन, कारण त्याला परतावे लागत नाही, नारळ लागत नाही आणि तेल एक चमचा लागते. चार मध्यम बांगडे साफ करून प्रत्येकाचे दोन किंवा तीन तुकडे करावेत. आठ-दहा ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवाव्यात; ब्याडगीत रंग जास्त आणि तिखटपणा कमी असतो, त्यामुळे रस्सा लाल होतो पण जिभेला चटका देत नाही. तिखट हवे असेल तर त्यात दोन साध्या लाल मिरच्या घालाव्यात. मिरच्या, एक चमचा धणे आणि अर्धा चमचा हळद अगदी बारीक, गंधासारखे वाटावे.

यातली खरी चव तिरफळांची. गोव्यात यांनाच तेफळे म्हणतात. बांगडा आणि तारली यांच्यासारख्या तेलकट माशांचा उग्रपणा तिरफळ जसा मोडते तसा दुसरा कोणताही मसाला मोडत नाही. आठ-दहा तिरफळे घ्यावीत, ती उकलून आतली काळी, चकचकीत बी काढून टाकावी आणि फक्त साल ठेवावी. सालीला थोडे पाणी लावून वरवंट्याने किंवा वाटीच्या बुडाने हलकेच चेचावे. ती वाटणात घालून मिक्सरला लावू नये. त्याने रस्सा कडवट होतो. ज्या घरांत तिरफळ घालतात तिथे बहुधा कांदा-लसूण घालत नाहीत, आणि मला ते पटते, कारण लसूण आली की तिरफळाचा वास मागे पडतो.

पसरट टोपात वाटण, दीड वाटी पाणी, पाच-सहा आमसुले, तिरफळे आणि मीठ एकत्र करून पाच मिनिटे उकळू द्यावे, म्हणजे मिरचीचा कच्चा वास जातो. मग आच मंद करून बांगड्याचे तुकडे एकाशेजारी एक ठेवावेत, एकावर एक रचू नयेत. वरून चमचाभर खोबरेल तेल सोडावे आणि झाकण ठेवावे. यानंतर टोपात डाव किंवा चमचा घालायचा नाही. चार मिनिटांनी झाकण काढून, टोपाच्या दोन्ही कडा फडक्याने धरून तो जाग्यावरच गोल फिरवावा. रस्सा तुकड्यांवरून वाहतो आणि तुकडा मोडत नाही. आणखी तीन-चार मिनिटे, मग आच बंद. लगेच वाढू नये. दहा मिनिटे झाकून ठेवले की आंबट-तिखट मांसात उतरते आणि रस्सा माशाला धरून बसतो.

हीच कृती तारली किंवा पेडव्यांनाही चालते, फक्त त्यांना पाच मिनिटांपेक्षा जास्त शिजवू नये.

मोदकपात्रातला मासा

ज्यांना तिखट चालत नाही, किंवा ज्या घरात लहान मुले आहेत, तिथे वाफवलेला मासा उत्तम. गणपतीनंतर वर्षभर माळ्यावर पडून राहणारे मोदकपात्र यासाठी अगदी योग्य भांडे आहे. मात्र शाकाहारी नैवेद्याचे भांडे वेगळे ठेवण्याची घरची रीत असेल तर कुकरमध्ये शिट्टी काढून चाळणी ठेवावी. मुंबईच्या पारशी घरांतली पात्रानी मच्छी याच पद्धतीची, आणि तिची हिरवी चटणी आपल्याही हाताला ओळखीची वाटेल.

मूठभर कोथिंबीर, दोन मोठे चमचे ओले खोबरे, दोन हिरव्या मिरच्या, चार लसूण पाकळ्या, चिमूटभर साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस यांची घट्ट चटणी वाटावी. पाणी जवळजवळ घालू नये, नाहीतर चटणी वाफेत वाहून जाते. रावस किंवा पापलेट यांच्या तुकड्यांना दोन्ही बाजूंनी ती लावावी. केळीच्या पानाचे चौकोन कापून ते गॅसच्या ज्योतीवरून क्षणभर फिरवावेत. पानाचा रंग गडद, चकचकीत होतो आणि ते चामड्यासारखे लवचीक बनते. असे न शेकलेले पान दुमडताना शिरेवर फाटते. पुडी बांधून, दुमड खाली येईल अशी ठेवून, पाणी खळखळ उकळू लागल्यावरच पात्रात ठेवावी आणि दहा ते बारा मिनिटे वाफवावी. पुडी ताटातच उघडावी, कारण तिच्यात साठलेला रस भातावर घ्यायचा असतो.

तव्यावरच्या माशाबद्दल थोडक्यात: तांदळाचे पीठ आणि रवा समप्रमाणात घेऊन त्यात मासा घोळवावा, तवा चांगला तापल्यावर एक चमचा तेल पसरावे आणि तुकडा ठेवल्यावर तीन मिनिटे त्याला हात लावू नये. खालचा थर खरपूस झाला की तो स्वतःच तव्यापासून सुटतो. बोंबिलात पाणी फार असते, म्हणून तो चिरून, फडक्यात गुंडाळून वरवंट्याखाली अर्धा तास दाबल्याशिवाय कुरकुरीत होत नाही; घाईच्या दिवशी तो आणू नये.

डोके आणि काट्यांचे सूप

रावस, घोळ किंवा जिताडा यांसारखा पांढऱ्या मांसाचा मासा आणला असेल तर डोके आणि मधला काटा टाकून देऊ नये. डोक्यातले कल्ले पूर्णपणे काढावेत आणि काट्याला चिकटलेले काळे रक्त नळाखाली बोटाने घासून धुवावे. सूप कडवट होते ते या दोन गोष्टींमुळे. पाच वाट्या थंड पाण्यात डोके, काटा, एक कांदा, आल्याचा तुकडा, सहा मिरीदाणे आणि कोथिंबिरीचे देठ घालून मंद आचेवर ठेवावे. वर येणारा फेस काढत राहावे. बरोबर वीस मिनिटांनी गाळावे. मटणाच्या हाडांप्रमाणे तासभर उकळत ठेवले तर पाणी गढूळ आणि खडूसारखे लागते. गाळलेल्या पाण्यात माशाचे चार लहान तुकडे चार मिनिटे शिजवावेत, डोक्याच्या गालातले मांस काढून घालावे, मीठ आणि लिंबू पिळून गरमगरम प्यावे. मूठभर उकड्या तांदळाचा मऊ भात त्यात घोटला तर रात्रीचे पूर्ण जेवण होते. बांगडा-तारलीची डोकी मात्र यासाठी वापरू नयेत, त्यांच्या तेलाचा वास पाण्यात उतरतो.

पावसाळ्यात

जून आणि जुलै हे मासेमारीबंदीचे महिने. या काळात बाजारात येणारा मासा बहुधा बर्फात बराच काळ राहिलेला असतो, म्हणून तेव्हा नदी-तलावातले मासे घ्यावेत किंवा सुक्या माशांकडे वळावे. सुका जवळा हा यातला सर्वांत झटपट प्रकार. तो साधारणपणे मिठाशिवाय वाळवलेला असतो, खारवलेल्या बांगड्यासारखा खारट नसतो. चाळून, मिशा आणि कचरा काढून, कोरड्या तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत भाजावा, आणि वाढताना त्यात बारीक चिरलेला कांदा, ओले खोबरे, हिरवी मिरची आणि आगळाचे चार थेंब मिसळावेत. गोव्यात हेच किसमूर. पिठी, उकडा भात आणि हा जवळा असा बेत पंधरा मिनिटांत पानात येतो.

घड्याळाचा क्रम

तिखले आणि कळण असा बेत धरू. घरी आल्याबरोबर तांदूळ धुऊन भात लावावा आणि मिरच्या, आमसुले व तिरफळे वेगवेगळ्या वाट्यांत भिजत घालावीत. बांगडे फ्रिजमधून काढून मीठ-हळद लावावी. भात होईपर्यंत दुसऱ्या शेगडीवर लसणीची फोडणी करून सकाळचे कळण उकळत ठेवावे. आता त्याच्याकडे पाहायला नको. इतक्यात मिरच्या मऊ झालेल्या असतात, त्या वाटाव्यात. भाताचा कुकर उतरला की त्याच शेगडीवर तिखल्याचा रस्सा चढवावा आणि तो उकळत असताना पाने घ्यावीत, लिंबू चिरावे, काकडी कापावी. घरातली सगळी माणसे जेवायला येणार याची खात्री झाल्यावरच बांगडे रस्स्यात सोडावेत. मासा मुरत असलेल्या दहा मिनिटांत प्रत्येकाने वाटीभर गरम कळण प्यावे. भूक थोडी शांत होते आणि भात बेताचाच वाढला जातो.

उरलेले कळण फ्रिजमध्ये दोन दिवस राहते. तिखले उरले तर निवल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी संपवावे. गरम करताना आधी तुकडे बाजूला काढून नुसता रस्सा उकळावा, मग आच मंद करून त्यात तुकडे सोडावेत आणि आतपर्यंत चांगले गरम झाले की लगेच उतरवावे. दुसऱ्या दिवशी तिरफळ अधिक उतरलेले असते, म्हणून तेव्हा भातापेक्षा तांदळाची भाकरी बरी.